उडीचा प्रवास: तालमीची माती, मॉस्कोची व्यायामशाळा आणि उंद्रीचा रस्ता

१/
उंद्री. बुलढाणा जिल्ह्याच्या चिखली तालुक्यातील, खामगाव–चिखली रस्त्यावरचे गाव. पोलीस भरतीची चाहूल लागली की वऱ्हाडातील अशा गावांच्या रस्त्यांवर पहाटे एक निराळीच वर्दळ सुरू होते. मुले-मुली धावतात, गोळा फेकतात आणि अलीकडे उड्याही मारतात. ओट्यावरून खाली, खालून पुन्हा ओट्यावर, एका पायावर, दोन्ही पायांवर. मोबाइलच्या पडद्यावर पाहून शिकलेल्या या उड्यांना आज ‘प्लायोमेट्रिक्स’ म्हणतात. आजचा धागा या उड्यांच्या इतिहासाचा.

२/
हा शब्द १९७५ सालचा आहे, म्हणजे जेमतेम पन्नास वर्षांचा. त्यामागची क्रिया मात्र माणसाइतकीच जुनी. महाराष्ट्राच्या तालमींत ती होती, लंगडीच्या खेळात होती, शाळेच्या पटांगणावरील बेडूकउडीत होती. मग ती परक्या नावाने परत का आली? आणि मॉस्को, अमेरिका आणि मोबाइल असा फेरा करून येताना तिच्यातले काय गळून पडले? दुसऱ्या प्रश्नाचे उत्तर आज अनेकांच्या गुडघ्यांशी निगडित आहे.

३/
प्रथम उडीचे मर्म पाहू. मांजर झेप घेण्यापूर्वी दबकते. विहिरीत सूर मारणारा पोरगा आधी गुडघ्यांत वाकतो. ‘दबा धरणे’ हा मराठीतील वाक्प्रचार याच निरीक्षणातून आला असावा असे वाटण्याइतके हे दृश्य ओळखीचे आहे. वर जायचे असेल तर आधी खाली जावे लागते. हे सर्वांना ठाऊक होते. पण असे का, याचे मोजमाप एकोणिसाव्या शतकापर्यंत कोणी केले नव्हते.

४/
ते पॅरिसमध्ये झाले. एतिएन-ज्यूल मारे आणि जॉर्ज देमेनी या दोघांनी छायाचित्रण आणि दाबमापक यंत्रे यांच्या साहाय्याने माणसाच्या हालचालींचा अभ्यास चालवला होता. १८८५ साली त्यांनी उडीवरील निरीक्षणे प्रसिद्ध केली. वाकलेल्या स्थितीत थांबून मारलेल्या उडीपेक्षा, आधीच्या खाली जाण्याला जोडून लगेच मारलेली उडी अधिक उंच जाते, हे त्यांच्या ध्यानात आले. स्नायू तेच, माणूसही तोच. फरक केवळ मधल्या विरामाचा.

५/
याचा उलगडा विसाव्या शतकाच्या मध्यास झाला. मिलानमधील जोव्हान्नी काव्हान्या आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी १९६० च्या दशकात दाखवून दिले की, आधी ताणला गेलेला स्नायू आकुंचन पावताना अधिक काम करतो. गलोलीचे रबर आठवावे. जितके ताणाल तितका खडा लांब जातो. पोटरी आणि टाचेमागची जाड कंडरा हे शरीराचे रबर आहे. पाय जमिनीवर टेकताना ते ताणले जाते आणि सुटताना साठलेली ऊर्जा परत देते. शिवाय अचानक ताणलेला स्नायू प्रतिक्षिप्त क्रियेने स्वतःही जोर लावतो.

६/
पण गलोल आणि पोटरी यांत एक महत्त्वाचा भेद आहे. गलोल ताणून कितीही वेळ धरून ठेवता येते. शरीराला ते साधत नाही. क्षणभर थांबले की ताणाचा लाभ ओसरू लागतो. म्हणून अभ्यासक पाव सेकंदाची मर्यादा मानतात. जमिनीशी संपर्क त्याहून अल्प असेल तर ती ‘जलद’ उडी, अन्यथा ‘संथ’. भरधाव धावणाऱ्याचा पाय प्रत्येक टापेला सेकंदाचा जेमतेम दहावा भाग जमिनीवर असतो. उडीच्या साऱ्या इतिहासाची किल्ली या अल्पशा अवधीत आहे.

७/
आता महाराष्ट्राकडे वळू. कल्याणीचा चालुक्य राजा तिसरा सोमेश्वर याच्या नावावर असलेला ‘मानसोल्लास’ हा बाराव्या शतकातील संस्कृत ग्रंथ मल्लांच्या व्यायामाचे सविस्तर वर्णन करतो. भार उचलण्याचा श्रम, चालण्या-फिरण्याचा श्रम, पाण्यातील श्रम, खांबावरील श्रम अशी त्याची विभागणी आहे. आठ-नऊशे वर्षांपूर्वी व्यायामाचे वर्गीकरण करून, कोणता श्रम कशासाठी हे लिहून ठेवण्याची दृष्टी या भूभागात होती, एवढे यावरून निश्चित दिसते.

८/
पुढे पेशवाईच्या उत्तरकाळात, दुसऱ्या बाजीरावाच्या पदरी असलेल्या बाळंभट दादा देवधरांनी मल्लखांबाला नवे रूप दिले. परंपरा सांगते की, मारुतीच्या कृपेने त्यांना ही विद्या स्फुरली. दंतकथा बाजूला ठेवली तरी मारुतीचे नाव महत्त्वाचे आहे. महाराष्ट्रातील बहुतेक तालमींत मारुतीची मूर्ती असते आणि मारुती हा उड्डाणाचाही देव आहे. बळ आणि झेप ही एकाच दैवताची दोन रूपे मानणारी ही परंपरा आहे.

९/
तालमीतील पायांचा मुख्य व्यायाम म्हणजे बैठक. तिचे अनेक प्रकार आहेत. काहींत केवळ बसणे-उठणे, तर काहींत प्रत्येक बैठकीला पावले उचलून पुढे-मागे छोटी उडी. जोर-बैठकांची गणना शेकड्यांत होत असे, नामवंत मल्लांची हजारांत. येथे एक गोष्ट नोंदवावी. तालमीचे मोजमाप संख्येचे होते. उडी किती उंच गेली किंवा पाय किती वेळ जमिनीवर राहिला, हे कोणी मोजत नव्हते. कारण कुस्तीला त्याची गरज नव्हती. कुस्तीला हवा होता दम आणि न थकणाऱ्या मांड्या.

१०/
दुसरी गोष्ट मातीची. तालमीच्या हौद्यातील तांबडी माती ही निसर्गतः मिळते तशी नसते. ती चाळतात, तिच्यात तेल, ताक, हळद मिसळतात, रोज खणून मोकळी करतात. अशा मातीवर उतरणारा पाय किंचित रुततो. आघात माती पोटात घेते, म्हणून सांधे वाचतात. पण तीच माती पायाची उसळीही पोटात घेते. म्हणजे तालमीची उडी सुरक्षित, बळ वाढवणारी, परंतु संथ. हा तिचा दोष नव्हे. ती ज्या खेळासाठी घडली त्या खेळाला ती योग्यच होती.

११/
वऱ्हाडात या परंपरेला संस्थेचे रूप मिळाले ते अमरावतीत. १९१४ साली अंबादासपंत आणि अनंत वैद्य या बंधूंनी तेथे श्री हनुमान व्यायाम प्रसारक मंडळ स्थापन केले. तालमीतील विद्या घराण्याच्या आणि वस्तादाच्या मर्यादेतून बाहेर काढून, ती वर्गात शिकवता येईल असा अभ्यासक्रम करावा, हा त्यामागचा विचार. बुलढाण्यासह साऱ्या वऱ्हाडातील शाळांना व्यायामशिक्षक पुरवण्यात पुढे या मंडळाचा मोठा वाटा राहिला.

१२/
१९३६ साली बर्लिन ऑलिंपिकच्या निमित्ताने याच मंडळाच्या पथकाने तेथे कबड्डी, खो-खो, मल्लखांब यांची प्रात्यक्षिके केली. यातील खो-खो आपल्या विषयाच्या दृष्टीने लक्षणीय आहे. पाटीवर उकिडवा बसलेला खेळाडू ‘खो’ मिळताच बसल्या जागेवरून उसळून धाव घेतो. पळणारा क्षणात दिशा बदलतो. खांबाजवळ झेप घेऊन गडी टिपावा लागतो. ज्याला आज ‘स्फोटक शक्ती’ म्हणतात तिची ही कसून घेतलेली परीक्षाच. मात्र तिला कोणी निराळे नाव दिले नव्हते. ती खेळातून आपोआप येई.

१३/
त्याच वर्षी बडोद्याहून दत्तात्रय चिंतामण करंदीकर-मुजुमदार यांनी संपादित केलेल्या ‘व्यायाम ज्ञानकोशा’च्या प्रकाशनास आरंभ झाला. १९४९ पर्यंत त्याचे दहा खंड निघाले. एका भारतीय भाषेत व्यायामविद्येचा एवढा मोठा संग्रह ही असामान्य घटना होती. तालमीची तोंडी विद्या ग्रंथबद्ध झाली. पण प्रयोगशाळेचे दालन अद्याप उघडले नव्हते. नोंद झाली, मोजमाप व्हायचे होते.

१४/
ते मोजमाप दुसऱ्याच दिशेने आले. १९५० च्या दशकाच्या अखेरीस मॉस्कोत यूरी वेर्खोशान्स्की हे प्रशिक्षक तिहेरी उडीच्या खेळाडूंसोबत काम करत होते. तिहेरी उडीत धावत येऊन एकाच पायावर दोन टप्पे आणि दुसऱ्या पायावरून अखेरची झेप घ्यावी लागते. प्रत्येक टप्प्याला पायावर शरीराच्या वजनाच्या कित्येक पट भार येतो आणि तोही क्षणार्धासाठी. खांद्यावर वजन घेऊन केलेल्या बैठकांत असा झटका कधीच बसत नाही. मग सरावात तो आणायचा कसा?

१५/
त्यांचे उत्तर साधे होते. खेळाडूला ठोकळ्यावर उभे करायचे. त्याने खाली पाऊल टाकायचे आणि पाय टेकताक्षणी, न थांबता, शक्य तितके उंच उसळायचे. येथे गुरुत्वाकर्षणच वजनाचे काम करते. वेर्खोशान्स्की यांनी याला ‘आघात पद्धती’ म्हटले. नावच पुरेसे बोलके आहे. त्यांच्या दृष्टीने हा व्यायाम म्हणजे शरीराला दिलेला हिशेबी धक्का होता, आणि धक्का म्हटला की मात्रा आलीच.

१६/
ही मात्रा त्यांनी बारकाईने ठरवली. उसळीचा वेग वाढवण्यासाठी सुमारे ७५ सेंटीमीटर, तर कमाल ताकदीसाठी सुमारे ११० सेंटीमीटर उंची. उत्तम तयारी असलेल्या खेळाडूला एका सत्रात दहा-दहाचे चार संच, म्हणजे ४० उड्या; त्याहून अधिक नाही. कमी तयारीच्या खेळाडूला २० ते ३०. आठवड्यातून फार तर दोनदा. आणि या साऱ्याच्या आधी दीर्घकाळ ताकदीची पायाभरणी. तालमीत हजार बैठकांचे कौतुक. येथे एक्केचाळिसावी उडी वर्ज्य.

१७/
दोन परंपरांतील हा भेद नीट समजून घ्यावा. तालमीतील मल्ल थकव्याशी झुंजतो. आघात पद्धतीत थकवा आला की व्यायामाचा हेतूच संपतो, कारण थकलेला पाय जमिनीवर अधिक वेळ रेंगाळतो आणि जलद उडी संथ होते. पुढे केवळ झीज उरते. एकाच दिसणाऱ्या क्रियेचे हे दोन भिन्न शास्त्रार्थ आहेत. त्यांची सरमिसळ झाली की दोन्हींचे तोटे पदरी येतात.

१८/
१९७२ च्या म्युनिक ऑलिंपिकमध्ये सोव्हिएत संघाच्या व्हालेरी बोर्झोव्ह यांनी १०० आणि २०० मीटर या दोन्ही शर्यती जिंकल्या. त्यांच्या वेळा होत्या अनुक्रमे १०.१४ आणि २०.०० सेकंद. वेगवान शर्यती ही अमेरिकेची मिरास मानली जाई. एडी हार्ट आणि रे रॉबिन्सन हे दोन अमेरिकी धावपटू वेळापत्रकाच्या घोटाळ्यामुळे १०० मीटरच्या उपांत्यपूर्व फेरीस पोहोचलेच नव्हते, हे खरे. तरीही प्रश्न उरलाच: सोव्हिएत खेळाडू सरावात असे काय करतात?

१९/
फ्रेड विल्ट हे अमेरिकेचे माजी ऑलिंपिक धावपटू, १९४८ आणि १९५२ या दोन्ही ऑलिंपिकमध्ये धावलेले. स्पर्धेपूर्वी अमेरिकी खेळाडू अंग ताणत बसलेले असताना सोव्हिएत खेळाडू उड्या मारताना त्यांना दिसले. १९७५ साली विल्ट यांनी या उड्यांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हे नाव दिले. वाढ आणि माप या अर्थांच्या ग्रीक घटकांवरून ते बनवलेले आहे. नाव आकर्षक होते, ते चालले. पण ‘आघात’ हा इशारा नावातून गेला आणि त्याच्या जागी ‘वाढ’ हे आश्वासन आले.

२०/
येथे एक विलक्षण योग आहे. उड्यांच्या व्यायामाला हे नाव १९७५ साली मिळाले. पण उड्यांच्या दुखण्याला त्याआधीच, १९७३ साली मिळाले होते. अमेरिकी अस्थिशल्यचिकित्सक मार्टिन ब्लेझिना आणि सहकाऱ्यांनी गुडघ्याच्या वाटीखालील कंडरेच्या दुखण्याला ‘उडी मारणाऱ्याचा गुडघा’ या अर्थाचे नाव दिले. म्हणजे नाव जगभर पसरण्यापूर्वीच त्याची किंमत वैद्यकाच्या वहीत नोंदली गेली होती.

२१/
आणखी एक प्रयोग पाहावा. १९७४ साली डेन्मार्कचे एर्लिंग अस्मुसेन आणि फ्लेमिंग बोंडे-पीटरसन यांनी माणसांना सुमारे २३, ४० आणि ६९ सेंटीमीटर उंचीवरून उतरून लगेच उडी मारायला लावली. ४० सेंटीमीटरपर्यंत लाभ वाढला. त्याहून उंच गेल्यावर तो तसा वाढत राहिला नाही. वेर्खोशान्स्की यांची उंची निवडक, कसलेल्या खेळाडूंसाठी होती. सामान्य शरीराचे रबर त्याआधीच आपली मर्यादा गाठते. ठोकळा जितका उंच तितकी उडी उंच, हा समज म्हणूनच चुकीचा.

२२/
मग या व्यायामाचा लाभ खरोखर होतो का? होतो. २००७ साली गोरान मार्कोव्हिच यांनी २६ अभ्यासांचे एकत्रित विश्लेषण केले. खाली दबून लगेच मारलेल्या उडीची उंची सरासरी ८.७ टक्के वाढली, तर वाकलेल्या स्थितीत थांबून मारलेल्या उडीची ४.७ टक्के. आकडे डोळे दिपवणारे नाहीत, पण पक्के आहेत. आणि ज्या उडीत ताण व सुटका जोडलेली असते तिलाच अधिक फळ मिळाले, हे १८८५ च्या निरीक्षणाशी जुळते.

२३/
अधिक आश्चर्याची गोष्ट लांब पल्ल्याच्या धावण्यात आढळली. १९९९ साली फिनलंडमधील लीना पाव्होलाइनेन आणि सहकाऱ्यांनी धावपटूंच्या सरावाचा सुमारे एक तृतीयांश भाग उड्या, छोट्या वेगवान धावा अशा स्फोटक व्यायामांना दिला. नऊ आठवड्यांत त्यांची ५ किलोमीटरची वेळ सुधारली, मात्र प्राणवायू वापरण्याची कमाल क्षमता वाढली नव्हती. फुप्फुसे तीच, प्रत्येक पावलाला जमिनीकडून मिळणारी परतफेड वाढली. त्याच इंधनात गाडी पुढे गेली.

२४/
आता पुन्हा उंद्रीच्या रस्त्यावर. महाराष्ट्र पोलीस शिपाई भरतीच्या मैदानी चाचणीत पूर्वी लांब उडी होती, पुल-अप्सही होत्या. २०१९ च्या सुमारास नियम बदलले आणि त्या गेल्या. आता पुरुषांसाठी १६०० मीटर धावण्याला २० गुण, १०० मीटरला १५ आणि गोळाफेकीला १५, असे ५० गुण असतात. महिलांना १६०० ऐवजी ८०० मीटर. उडीला गुण नाहीत. तरी पोरे उड्या मारतात. ती चुकत नाहीत. १०० मीटरलाही उडीचा उपयोग आहे आणि वरील अभ्यास पाहता १६०० मीटरलाही.

२५/
चुकते ते दुसरीकडे. बुलढाणा–वऱ्हाडची काळी कापसाची माती पावसात चिकटते आणि उन्हाळ्यात भेगाळून दगडासारखी होते. म्हणून सराव डांबरी रस्त्यावर किंवा सिमेंटच्या ओट्यावर होतो. तेथे संपर्काचा काळ अल्प, उसळी उत्तम, पण आघात संपूर्ण गुडघ्यावर. त्यात तालमीचा जुना संस्कार: जितक्या अधिक तितके चांगले. म्हणजे उडी मॉस्कोची, संख्या तालमीची आणि जमीन दोघांपैकी कोणाचीच नाही.

२६/
जमिनीचा प्रश्न शास्त्रानेही तपासला आहे. २००८ साली इटलीचे फ्रांको इंपेलिझ्झेरी आणि सहकाऱ्यांनी फुटबॉलपटूंचे दोन गट केले. एकाने वाळूवर उड्या मारल्या, दुसऱ्याने हिरवळीवर. चार आठवड्यांनी दोघांचाही धावण्याचा वेग सुधारला. हिरवळीच्या गटाला ताण-सुटकेचा लाभ अधिक मिळाला. वाळूच्या गटाचे स्नायू कमी दुखले. तालमीच्या मातीत जे अनुभवाने कळले होते ते येथे आकड्यांत उतरले. भरतीच्या वेगाला वाळूही चालते, हे नदीकाठच्या किंवा मैदानात वाळू पसरता येणाऱ्या गावाने लक्षात ठेवावे.

२७/
साधनांच्या अभावावर मात कशी होते याचे उदाहरण नाशिक जिल्ह्यातील देवरगावचे उंच उडीपटू सर्वेश कुशारे यांचे आहे. गादी नव्हती, तेव्हा शिक्षकांच्या मदतीने मक्याचा भुसा भरून उतरण्याची जागा तयार झाली. तेच सर्वेश २०२५ साली टोकियोच्या जागतिक स्पर्धेत उंच उडीची अंतिम फेरी गाठणारे पहिले भारतीय ठरले आणि २.२८ मीटर उडी घेऊन सहावे आले. या कथेतील भुशाचे कौतुक होते. पण खरा धडा असा, की उंच उडायला शिकवण्याआधी शिक्षकांनी सुरक्षित उतरण्याची सोय केली.

२८/
धावणे आणि उडी यांची सांगड पाहायची तर बीड जिल्ह्यातील मांडव्याचे अविनाश साबळे आठवावेत. ३००० मीटर स्टीपलचेसमध्ये २८ अडथळे आणि पाण्याच्या सात उड्या असतात. दम लागलेला असताना पस्तीस वेळा उडायचे, उतरायचे आणि वेग मोडू द्यायचा नाही. २०२४ साली पॅरिसच्या डायमंड लीगमध्ये त्यांनी ८ मिनिटे ९.९१ सेकंद हा राष्ट्रीय विक्रम नोंदवला. ही उसळी एका भरतीच्या हंगामात येत नाही.

२९/
आता आरंभीच्या प्रश्नाकडे. या प्रवासात काय गळून पडले? कृती प्रत्येक मुक्कामी नीट पोहोचली. ती डोळ्यांना दिसते, तिची नक्कल करता येते. विश्रांती दिसत नाही. आधीची पायाभरणी दिसत नाही. आज किती उड्या टाळल्या, हे तर कोणत्याच चित्रफितीत दिसत नाही. तालमीत हे सांभाळायला वस्ताद होता. तो पठ्ठ्याच्या पायांकडे पाहून ‘बास’ म्हणत असे. मॉस्कोत वही घेतलेला प्रशिक्षक होता. पडद्यावरील उडीला ‘बास’ म्हणणारे कोणी नाही.

३०/
ज्या घरात भरती हाच शेतीबाहेरचा जवळचा मार्ग आहे, तेथे गुडघा दुखावणे म्हणजे केवळ दुखणे नसते. त्या वर्षाची संधी जाते आणि वयोमर्यादा कोणासाठी थांबत नाही. म्हणून इतिहासातून निघणारे नियम पुन्हा नोंदवावेत. आधी काही महिने साध्या बैठका आणि ताकद, मग उड्या. आरंभ दोरीउड्या आणि लंगडीपासून. उंची गुडघ्याच्या आतली. जमीन हिरवळ, वाळू किंवा मोकळी केलेली माती. एका वेळी २० ते ३०, आठवड्यातून दोनदा, मधे पुरेशी विश्रांती. उतरण्याचा आवाज जड येऊ लागला किंवा वाटीखाली दुखले, तर त्या दिवशी थांबावे.

३१/
यातील लंगडी आणि दोरी घरचीच आहेत, बैठक तालमीची, मात्रा मॉस्कोची, मोजमाप पॅरिस, मिलान आणि फिनलंडचे. यांपैकी एकालाही नाकारण्याचे कारण नाही. गावात जुना पहिलवान असेल, शाळेत व्यायामशिक्षक असतील, तर पहाटे त्यांना रस्त्यावर बोलावून आणावे. त्यांना ‘प्लायोमेट्रिक्स’ हा शब्द ठाऊक नसला तरी चालेल. थकलेला पाय त्यांना लांबून ओळखता येतो.

(धागा समाप्त. भरतीची तयारी करणाऱ्या कोणापर्यंत तो पोहोचवता आला तर अवश्य पोहोचवावा.)